दृष्टीचा पडताळा

सेजनान, ४ एप्रिल १९९७

प्रिय सल्लूहा,

मन्नूबियाचा सलाम. तू सुखरूप असशील आणि बिझर्तची समुद्राची हवा तुझ्या गुडघ्यांना मानवत असेल, अशी आशा करते. इकडे आम्ही सगळे बरे आहोत.

लिफाफ्यावर माझं अक्षर पाहून तुझ्या छातीत धस्स झालं असेल. नऊ वर्षांनी वहिनीचं पत्र आलं म्हणजे कुणीतरी गेलं असणार, असंच कुणालाही वाटेल. तसं काही नाही. तुझ्या भावानंतर या घरातून कुणी गेलेलं नाही.

बातम्या सांगते. पाऊस चांगला झाला, डोंगर हिरवा आहे. करड्या गायीला कालवड झाली. माझ्या हमादीच्या लग्नाला आता दोन वर्षं होतील. तुला निरोप पोचला की नाही, मला नक्की माहीत नाही. ज्याच्याकडे दिला तो विसरला असेल. सून मातेरची आहे, रीम नाव. लग्नाआधी औषधांच्या दुकानात कामाला होती. हाताला चटपटीत आहे, कुसकुसचा रवा माझ्यापेक्षा मोकळा शिजवते (हे तिला मी सांगितलेलं नाही), पण तोंडात सदानकदा एकच शब्द: "कशावरून?"

मी म्हटलं, "दक्षिणेचा वारा सुटलाय, आज ताक नासणार."

"कशावरून, आई?"

"माझी आई सांगायची."

"त्या कशावरून सांगायच्या?"

"अगं, तिची आई सांगायची!"

"पण पहिल्यांदा कुणीतरी डोळ्यांनी पाहिलं असेलच ना? मग आपणही पाहू."

आणि तिनं खरंच पाहिलं. एकाच दुधाचे दोन लोटे लावले. एक स्वयंपाकघरात ठेवला, दुसरा विहिरीत दोरीनं सोडला. वारा दोन्हीकडे तोच. घरातला नासला, विहिरीतला गोड राहिला. असं तिनं तीनदा केलं आणि तिन्ही वेळा कॅलेंडरवर खूण केली. मग म्हणाली, "वारा नाही, आई, ऊब. पण तुमच्या आई चुकल्या नव्हत्या. हा वारा येतो तो ऊब घेऊनच येतो."

"म्हणजे मी बरोबर?"

"अर्ध्या."

त्या अर्ध्यावरून आमचं चार दिवस वाजलं. पाचव्या दिवशी मी दुधाचा लोटा गुपचूप विहिरीत सोडला.

मग काय, मलाच चटक लागली. अंडी कुठली कोंबडी देते, भाकरी तव्याला कधी चिकटते, ओला लाकूडफाटा किती दिवसांत वाळतो, सगळं मी बघायला लागले. पन्नाशी उलटल्यावर मला कळलं, की आपण जन्मभर कितीतरी गोष्टी पाहतो असं म्हणतो आणि त्या नुसत्या ऐकलेल्या असतात.

आता खरी गंमत ऐक. गेल्या हिवाळ्याच्या तोंडाशी मी एक भट्टी लावली. भांडी लालबुंद, खणखणीत निघाली. तिसऱ्या दिवशी पाहते तर अंगावर खपल्या उडालेल्या, कुणी नखानं टवके काढावेत तशा. मी दृष्ट टाळायला दारावर आणखी एक हाताचा पंजा टांगला आणि म्हटलं, "दृष्ट लागली." रीम म्हणाली, "कुणाची?" मी पंज्याची दोरी घट्ट करत राहिले. तर म्हणते, "दृष्ट असेल, तर पाहिलेलं भांडं फुटायला हवं आणि न पाहिलेलं टिकायला हवं. बघू या का?"

पुढचं डोकं माझं आहे बरं का. तिला नुसती पाहिलेली आणि न पाहिलेली एवढंच करायचं होतं. मी म्हटलं, "थांब. मातीसुद्धा दोन प्रकारची घेऊ." आठ वाडगी आपल्या ओढ्याच्या मातीची केली, आठ जाझियाच्या टेकडीवरून आणलेल्या मातीची. ओढ्याच्या वाडग्यांच्या बुडाला एक रेघ, टेकडीच्यांना दोन. सोळाही एकाच जाळात भाजली. थंड झाल्यावर दोन्हींतली चार चार घोंगडीखाली झाकून आतल्या खोलीत ठेवली, बाकीची आठ अंगणात चटईवर मांडली.

आणि बघायला कुणाला बोलावलं सांगू? शेलबिया मावशीला! तिनं "वा" म्हटलं की गायीचं दूध आटतं, असं तीन गावं म्हणतात. मला वाटलं ती चिडेल. ती डोळ्यांत सुरमा घालून, सणाची शाल पांघरून आली. म्हणाली, "मन्नूबिया, आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी बघायला बोलावलंय. एरवी मी दिसले की बायका पोरं झाकतात." मग चटईभोवती फिरत तिनं अर्धा तास कौतुक केलं. "काय कडा, काय गोलाई! अगं, जीव जळतो माझा, अशी मला एक जमली नाही कधी!" रीम हसू आवरायला गोठ्यात पळाली.

चौथ्या दिवशी सगळी उघडून पाहिली. दोन रेघांचं एकही फुटलं नव्हतं, मावशीचा जीव जळूनही. एका रेघेची आठांतली सात फुटली होती. त्यांतली चार घोंगडीखालची, तीन अंगणातली.

खपली उडालेल्या प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी एक पांढरा कण होता, मोहरीएवढा. रीमनं ओढ्याच्या कच्च्या मातीतले असे खडे वेचून त्यांवर व्हिनेगर टाकलं, तर ते फसफसले. चुनखडी! जाळात तिचा चुना होतो आणि मग तो हवेतली ओल पिऊन फुगतो. भिंतीला लावायचा चुना बादलीत कसा फुलतो, तसाच. फुगला की वरची कातडी उडवतो. त्याला दोन-तीन दिवस लागतात, इतकंच.

मावशीला सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे माझी नजर फुकट गेली?"

"मावशी, तुमच्या नजरेत काही नाही."

तिनं शाल सारखी केली. मग म्हणाली, "हे थोडं मोठ्यानं सांग. पलीकडे माझी सून आहे, तिला ऐकू जाऊ दे."

दरड कोसळून आपली जुनी खाण बुजली, तेव्हापासून आम्ही ओढ्याचीच माती वापरत होतो. ते वर्ष तुला आठवत असेल. आता जाझियाच्या टेकडीवरून आणतो.

एवढंच कळवायचं होतं. गुडघ्यांना ऑलिव्हचं तेल कोमट करून चोळत जा.

तुझ्या भावाची बायको,
मन्नूबिया


सेजनान, २ मे १९९७

प्रिय सल्लूहा,

तुझं पत्र मिळालं. चार ओळी. रीमनं विचारलं, "आत्यांनी काय लिहिलंय?" मी म्हटलं, "बऱ्या आहेत." मग पत्र घेऊन ऑलिव्हच्या झाडाखाली जाऊन बसले आणि दुपारची भाकरी करपली.

तू लिहितेस: "वाडग्यांचं वाचलं. मातीचं कळलं. झऱ्यावर अकरा बायकांसमोर तू मला जे बोललीस, त्याबद्दल तुझ्या तीन पानांत एक शब्द नाही. ते सांगायचं नसेल तर पुन्हा लिहू नकोस."

बरोबर आहे तुझं. तीन पानं मी त्या एका गोष्टीभोवती फिरत राहिले. आता सांगते.

त्या वर्षी गावातल्या एका मोठ्या लग्नाची चाळीस भांडी मी एकटीनं केली होती. ओढ्याच्या नव्या मातीची पहिलीच भट्टी. तू आलीस, पदर खोचून त्यांतला सगळ्यांत मोठा रांजण कवेत घेतलास आणि म्हणालीस, "मन्नू, हा तर जिवंत वाटतोय. याच्यावरून हात काढवत नाही." वीस वर्षं आपण एका परातीत माती मळली, पण माझ्या कामाबद्दल इतकं चांगलं मला कुणी बोललं नव्हतं. तुझा भाऊ अम्मारसुद्धा नाही. तीन दिवसांनी रांजणाला खपल्या उडाल्या आणि तेच शब्द मला विषासारखे वाटले.

झऱ्यावर तू घागर भरत होतीस. मी म्हणाले, "स्वतःची कूस रिकामी राहिली म्हणून दुसऱ्याचं भरलेलं घर बघवत नाही हिला. तुझी नजर घे आणि चालती हो, माझ्या अंगणात पुन्हा पाऊल टाकू नकोस." मी हे शब्द लिहिते आहे कारण ते मी बोलले. नऊ वर्षांत मनातल्या मनात मी ते पुष्कळ सौम्य करून ठेवले होते. इथे केले नाहीत.

तू घागर तिथेच ठेवलीस आणि गेलीस. महिन्याभरानं बिझर्तला मावसबहिणीकडे राहायला गेलीस, असं मला दुसऱ्यांकडून कळलं.

आता याच्याही खालचं सांगते. हे रीमलाही ठाऊक नाही.

तू गेल्यावर पुढच्या वसंतात मी भट्टी लावली. भांडी पुन्हा फुटली. तू इथे नव्हतीस, सल्लूहा. तू साठ-सत्तर किलोमीटर लांब होतीस, माझी भांडी तुला दिसणं शक्यच नव्हतं. मी एक टवका उचलला, त्याच्या मागे तो पांढरा कण होता. मी तो नखानं काढला, बोटांत चुरला. मला तेव्हाच कळायला हवं होतं. खरं म्हणजे कळलंच होतं. पण कळलं असं मान्य केलं, तर मला बिझर्तला येऊन तुझ्या पायाशी बसावं लागलं असतं. म्हणून मी स्वतःला सांगितलं, "तिची नजर अजून अंगणात रेंगाळते आहे." आणि टवका ओढ्यात फेकला.

त्यानंतर एखादं भांडं टिकलं की मी म्हणायचे, "पंज्याचा गुण." फुटलं की म्हणायचे, "सल्लूहाची नजर." काहीही झालं तरी मीच खरी. रीमचं 'कशावरून' मला इतकं का टोचायचं, ते आता कळतं. ताकाबद्दल मला राग नव्हता. हा शब्द एक दिवस भांड्यांपर्यंत येणार, ही भीती होती. आणि तो आला तेव्हा, खरं सांगू, मला हलकंच वाटलं. घोंगडी मी स्वतःच्या हातानं उचलली. फुटलेली चार वाडगी पाहिली आणि रडले. रीमला वाटलं वाडग्यांसाठी.

अम्मारला माती दिली त्या दिवशी तू आली होतीस. सख्खा भाऊ तुझा, आणि तू अंगणाच्या कडेला भिंतीकडे तोंड करून बसलीस. शाल कपाळाखाली ओढली होतीस. जाझियाची लेक कडेवर तान्हं घेऊन तुझ्या शेजारी बसायला आली, तर तू उठून लांब गेलीस. मी ते पाहिलं. मी म्हणू शकले असते, "सल्लूहा, आत ये." पाच पावलांचं अंतर होतं. मी रडणाऱ्या बायकांत बसून राहिले.

आणि लग्नाचा निरोप. कुणी विसरलं नाही. मी पाठवलाच नव्हता.

माझ्याकडे बाकी सांगण्यासारखं काही नाही. भांडी चुनखडीनं फुटली. तू मला जे बोललीस ते नुसतं कौतुक होतं, माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत चांगलं. त्याचं मी काय केलं ते तुला माहीतच आहे.

माफी माग असं तू लिहिलेलं नाहीस. मी मागते आहे. काय करू सांग, मी करीन.

मन्नूबिया


सेजनान, ११ जून १९९७

प्रिय सल्लूहा,

तू लिहिलंस, "अकराजणींसमोर बोललीस, अकराजणींना सांग." झालं. काल शेवटचं घर केलं.

आधी वाटलं सगळ्यांना एकदम झऱ्यावर गाठावं. पण आता घरोघरी नळ आलेत, झऱ्यावर कुणी येत नाही. म्हणून दारोदार गेले. बरोबर एक रेघ असलेलं फुटकं वाडगं आणि दोन रेघांचं चांगलं वाडगं. रीम म्हणाली, "मी येते." मी म्हटलं, "बोलताना तू नव्हतीस. घरी बस."

टेकडीवाल्या जाझियानं नीट ऐकून घेतलं, वाडग्यातला कण चिमटीत धरून उन्हात पाहिला आणि म्हणाली, "मला तेव्हाच वाटलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू का नाही बोललीस?"

मग तिनं चहा केला.

उम्मुझ्झीननं ऐकूनच घेतलं नाही. "चुनखडी असेल, पण चुनखडीला त्या दिवशीच फुगायला कुणी सांगितलं?" मी म्हटलं, "त्या दिवशीच नाही, दर भट्टीला फुगते. गेल्या हिवाळ्यातली तुझीही फुटलीत. ती कुणी पाहिली होती?" तिनं दार लावलं. पण परवा तिची नात टोपली घेऊन जाझियाच्या टेकडीवर माती आणायला आली होती. तोंडानं नाही म्हणाली तरी हातांनी मानलं, असं मी धरते. रीम म्हणते तसं धरू नये, कदाचित ओढ्याला पाणी आलं असेल. बरं, नाही धरत.

दोघीजणींना तो दिवसच आठवत नव्हता. हे मला सगळ्यांत जास्त लागलं. तुझ्या नऊ वर्षांचं ओझं आणि त्यांच्या लेखी एक दुपारसुद्धा नाही. मी त्यांना आठवण करून दिली, माझे शब्द जसेच्या तसे पुन्हा उच्चारले आणि मग खोडून काढले.

अकरावी म्हणजे हद्दा. ती गेल्या वर्षी वारली. तिच्या कबरीपाशी बसून तिलाही सांगितलं. घरी आल्यावर रीमनं तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. बिचारीनं पहिल्यांदाच 'कशावरून' गिळलं. मीच म्हटलं, "तिनं ऐकलं असं नाही म्हणत मी. मी बोलले, एवढं नक्की."

आता तुझ्या पत्राच्या दुसऱ्या पानाबद्दल.

मला वाटत होतं तू नऊ वर्षं माझ्यावर रागावली असशील. तू लिहितेस की राग दोन वर्षांत विरला, कारण तुला स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं. जिन्यावर शेजारचं मूल दिसलं की तू भिंतीकडे बघतेस. कुणाची हिरवी कुंडी दिसली तरी मान खाली घालतेस. आणि विचारतेस, "चुनखडीचं पटलं, पण मग हद्दाच्या गायीचं काय? मी तिचं कौतुक केलं आणि ती आठवड्यात मेली."

सल्लूहा, गायीचं मला माहीत नाही. खोटं कशाला सांगू? ती म्हातारी होती का, तिनं काय खाल्लं, हे आता विचारायला हद्दा नाही. पण मला एवढं सांग, तू आयुष्यात किती गायींचं कौतुक केलंस? तू तर गायवेडी. बाजारात प्रत्येक गायीच्या गळ्यात हात घालायचीस. आमच्या करडीच्या आईला रोज "माझी राणी" म्हणायचीस, ती अठरा वर्षं जगली. ज्या मेल्या नाहीत त्या तू कधी मोजल्याच नाहीस. मीही नव्हत्या मोजल्या. फुटलेली भांडी आपण मोजतो, टिकलेली फडताळात तशीच पडून राहतात. एका दुपारी कागद घेऊन बस आणि आठवतील तेवढ्या लिही. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. माझ्या शब्दावर तू एकदा विश्वास ठेवलास, त्याचं काय झालं ते दिसतंच आहे. या खेपेला तू स्वतः मोज.

आणि एक काम कर. तू लिहिलं आहेस, तुझ्या समोरच्या घरात सात महिन्यांची मुलगी आहे, तिची आई तिला खिडकीत घेऊन बसते, आणि तिचा नुसता आवाजच तुला माहीत आहे. उद्या सकाळी जिन्यातून खाली उतरताना थांब आणि तिच्याकडे नीट बघ. डोळे कसे आहेत, दात आलेत का, बघ. मनात येईल ते मोठ्यानं बोल. तिच्या आईला विचारून ठेव, गेल्या सात महिन्यांत हिला किती वेळा सर्दी-ताप झाला. ते तू न बघता झालेले. मग रोज बघ आणि रोज लिहून ठेव.

तिला पुढेमागे सर्दी होईलच. मुलांना होते. तेव्हा घाबरून मान खाली घालू नकोस. तशी तिला आधीही व्हायची.

महिनाभरानं वही मला पाठव. किंवा स्वतः घेऊन ये, मातेरवरून बस दुपारी दोनला पोचते. नाही आलीस तरी चालेल, मी तो हक्क घालवलाय. पण मुलगी बघ, सल्लूहा. ती कशी दिसते ते मला पहिल्या ओळीत कळव.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
मन्नू